घरगुती ग्लव्ह बॉक्स निर्जंतुक कसा करावा: टिश्यू कल्चरला सुरुवात करणाऱ्यांसाठी

टिश्यू कल्चर म्हणजे रोपाचा छोटा तुकडा निर्जंतुक बाटलीत वाढवणं, आणि ग्लव्ह बॉक्स म्हणजे त्या कामासाठीची, हात आत घालता येतील अशी बंद पेटी. ग्लव्ह बॉक्सला पंखा नसतो आणि फिल्टरमधून गाळलेली हवाही नसते. प्रयोगशाळेतलं लॅमिनार फ्लो हे यंत्र कामाच्या जागेवरून सतत गाळलेली हवा वाहती ठेवतं. घरच्या पेटीत त्यातलं काहीच होत नाही. इथे सगळा भरवसा एका गोष्टीवर असतो. हवा हलली नाही तर तिच्यातली धूळ, त्वचेचे सुटलेले कण आणि बुरशीचे बीजाणू खाली बसतात, आणि खाली बसलेलं पुसता येतं, मारता येतं. म्हणून आतले पृष्ठभाग साफ करायचे, आत जाणारी प्रत्येक वस्तू आधीच निर्जंतुक करायची आणि मग हवा शांत ठेवायची. यातलं एक जरी राहिलं तरी आठवडाभरात बाटलीत पांढरी लव धरलेली दिसते.

हवा शांत व्हायला किती वेळ लागतो याचा अंदाज असलेला बरा. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण सेकंदाला साधारण ३ मिलिमीटर खाली येतो, म्हणजे ४० सेंटिमीटर उंच पेटीत दोन-अडीच मिनिटांत तळाला पोचतो. ५ मायक्रॉनच्या कणाला नऊ-दहा मिनिटं लागतात, ३ मायक्रॉनच्या कणाला २५ मिनिटं. १ मायक्रॉनचा कण मात्र तीन तास तरंगत राहतो. पेनिसिलियम आणि अ‍ॅस्परजिलस या घरात नेहमी सापडणाऱ्या बुरशींचे बीजाणू साधारण २ ते ५ मायक्रॉनचे असतात, आणि हवेतले जीवाणू बहुतेक वेळा त्वचेच्या किंवा धुळीच्या मोठ्या कणांवर बसून फिरतात. पेटी बंद केल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात ते यामुळे.

आधी प्लास्टिक ओळखा

५० ते ८० लिटरचा पारदर्शक साठवणीचा डबा आडवा किंवा उपडा करून त्याला हातांसाठी १२-१३ सेंटिमीटर व्यासाची दोन भोकं, हा घरगुती पेटीचा सर्वात सोपा प्रकार. असा डबा बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तळाला त्रिकोणात ५ हा आकडा दिसतो. पॉलिप्रॉपिलीनला अल्कोहोल, ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड सगळं चालतं.

अ‍ॅक्रिलिकच्या शीटची पेटी दिसायला देखणी असते, पण तिला अल्कोहोल मानवत नाही. जिथे शीट कापलेली किंवा ड्रिल केलेली असते तिथून बारीक कोळिष्टकासारख्या भेगा पसरत जातात. पेटी धूसर होते, आणि त्या भेगांत साखरमिश्रित माध्यम (बाटलीतली, रोपाचं अन्न असलेली जेली) शिरलं की ते पुसून निघत नाही. अ‍ॅक्रिलिक असेल तर अल्कोहोलच्या जागी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा आणि पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहू द्या. लाकूड किंवा प्लायवूडची पेटी मात्र नकोच. आतून कितीही रंग लावला तरी ओलावा सांध्यांतून शिरतो आणि बुरशीला कायमचं घर मिळतं.

सांधे कशाने बंद केलेत तेही बघा. कापडी डक्ट टेपचा गोंद अल्कोहोलने विरघळतो, चिकट होतो आणि त्यावर धूळ बसत जाते. त्यापेक्षा सिलिकॉन सीलंट किंवा अ‍ॅल्युमिनियमची टेप बरी. सीलंट लावल्यावर व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी वापरू नका.

दोन द्रावणं पुरतात

७० टक्के अल्कोहोल. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ७० मिली घेऊन त्यात १०० मिली होईपर्यंत पाणी घाला. ९५ टक्के इथेनॉल असेल तर ७४ मिली घ्या. जितकं शुद्ध तितकं चांगलं, हा समज इथे उलटा पडतो. पेशीतली प्रथिनं गोठवायला पाणी लागतं. शिवाय ९९ टक्के अल्कोहोल इतक्या झटकन उडतं की जंतूंवर काम करायला त्याला वेळच मिळत नाही. पृष्ठभाग निदान अर्धा मिनिट ओला दिसला पाहिजे. पातळ करायला कुकरमध्ये निर्जंतुक करून थंड केलेलं पाणीच वापरा, कारण जीवाणूंचे बीजाणू ७० टक्के अल्कोहोलमध्ये मरत नाहीत. नळाच्या पाण्यातले बीजाणू त्या बाटलीत जिवंत राहतील आणि तुम्ही ते मनोभावे सगळीकडे पसरवाल. हाताला लावायचं सॅनिटायझर जेल इथे उपयोगाचं नाही. त्यातल्या ग्लिसरीनचा चिकट थर मागे राहतो. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, आणि बंद पेटीत तोंड जवळ नेऊन काम करताना त्याची वाफ श्वासात जाणं चांगलं नाही.

०.५ टक्के हायपोक्लोराइट. घरगुती ब्लीचच्या बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइटचं प्रमाण लिहिलेलं असतं. ते ५ टक्के असेल तर १०० मिली ब्लीच आणि ९०० मिली पाणी. बीजाणूंवर चालणारं घरातलं स्वस्त औषध हेच, म्हणून अल्कोहोल असलं तरी ब्लीच लागतंच. द्रावण त्याच दिवशी करा, उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. उजेडात आणि उन्हाळ्यात त्यातला क्लोरीन लवकर उतरतो. वर्षभर उघडी पडलेली ब्लीचची बाटली निम्म्या ताकदीचीही नसू शकते. सुगंधी, दाट किंवा जेलसारखं ब्लीच नको. ब्लीचिंग पावडर ही वेगळी वस्तू आहे. तिचा न विरघळणारा पांढरा गाळ पेटीभर राहतो.

ब्लीच आणि अल्कोहोल कधीही एकत्र येऊ देऊ नका. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनरसारखं आम्ल पडलं तर क्लोरीन वायू निघतो, अमोनिया पडला तर क्लोरामाइन, आणि अल्कोहोलबरोबर क्लोरोफॉर्मसारखी विषारी संयुगं तयार होतात. या कारणासाठी ब्लीचचं काम आदल्या दिवशी, मोकळ्या हवेत करायचं आणि अल्कोहोलचं काम दुसऱ्या दिवशी, बंद खोलीत.

आदल्या दिवशी: धुणं आणि ब्लीच

पेटी रिकामी करून कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. हा टप्पा फालतू वाटतो आणि तोच सर्वात जास्त वगळला जातो. आधीच्या कामात सांडलेलं अगार (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) आणि साखर म्हणजे जंतूंचं अन्न, शिवाय असा सेंद्रिय मळ क्लोरीन खाऊन टाकतो. मळावर ब्लीच फवारलं तर ते मळावरच खर्च होतं, जंतूंपर्यंत पोचत नाही. वाळलेलं अगार नखाने खरवडू नका, ओरखडे पडतात. त्यावर गरम पाण्याचं फडकं पाच मिनिटं ठेवा, आपोआप सुटतं. कोपरे, भोकांच्या कडा आणि हातमोज्यांची कॉलर जिथे पेटीला जोडली आहे ती खाच जुन्या टूथब्रशने घासा. पेटीत बुरशी दडते ती बहुतेक वेळा या खाचेत.

आता ब्लीचचं द्रावण फडक्याने लावा. फवाऱ्याने उडवलं तर ते डोळ्यात आणि फुप्फुसात जास्त जातं. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. फडकं चौपदरी घडी करा, म्हणजे उलटसुलट आणि घडी पालटत त्याच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात. आधी छत, मग मागची भिंत, मग बाजूच्या भिंती, शेवटी तळ. प्रत्येक ओढ एकाच दिशेने आणि आधीच्या ओढीवर थोडी चढवून. मागेपुढे घासलं की उचललेलं पुन्हा तिथेच बसतं. एक पृष्ठभाग झाला की घडीची बाजू बदला.

दहा मिनिटं सगळं ओलं राहिलं पाहिजे. उन्हाळ्यात पातळ थर तीन-चार मिनिटांत सुकतो. सुकला तर पुन्हा लावा, वेळ पहिल्यापासून मोजा. नंतर निर्जंतुक पाण्याने दोनदा पुसून घ्या. नाहीतर मिठासारखा पांढुरका थर राहतो आणि चिमट्या-ब्लेडच्या स्टीलला खड्डे पडतात. पेटी उपडी करून रात्रभर सुकू द्या, क्लोरीनचा वास पूर्ण जाऊ द्या.

ब्लीच दर वेळी लागत नाही. नवी पेटी, महिनाभर न वापरलेली पेटी, किंवा जिच्यात बुरशी लागलेली बाटली उघडली गेली ती पेटी, एवढ्यांनाच ते हवं. एरवी साबण आणि अल्कोहोल पुरे.

हत्यारं, पाणी, बाटल्या: कुकरचं काम

पेटी कितीही लखलखीत असली तरी आत जाणारी वस्तू खराब असेल तर उपयोग शून्य. १२१ अंश सेल्सिअस, म्हणजे १५ पीएसआय दाब, हे लक्ष्य. लहान बाटल्यांत ५० मिलीपर्यंत माध्यम असेल तर पूर्ण दाब आल्यापासून २०-२५ मिनिटं, अर्ध्या लिटरच्या बाटलीला ३५ मिनिटं. वेळ शिट्टीचा दाब पूर्ण आल्यावर मोजायची, आच लावल्यापासून नाही. सुरुवातीला शिट्टी न लावता पाचेक मिनिटं वाफ जोरात जाऊ द्या. आत हवा अडकली तर दाब दिसतो पण तापमान गाठलं जात नाही. नुसतं उकळून किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करून बीजाणू मरत नाहीत.

हत्यारांची पुडी करताना एक चूक सर्रास होते: चिमटा अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून कुकरमध्ये टाकणं. घट्ट फॉइलच्या आत वाफ शिरत नाही, आणि वाफ पोचली नाही तर १२१ अंशांचा फायदा नाही. जाड तपकिरी कागदात गुंडाळा, किंवा फॉइलचं एक टोक सैल दुमडा. पुडी पाण्याच्या वर, जाळीवर ठेवा. ओला कागद जंतूंना आत वाट देतो, म्हणून पुड्या कुकरमध्येच सुकू द्या. ओव्हन असेल तर धातूच्या हत्यारांसाठी कोरडी उष्णता आणखी सोयीची, १६० अंशांवर दोन तास किंवा १७० अंशांवर एक तास. कोरड्या उष्णतेत मात्र घट्ट फॉइल चालतं.

कुकर थंड होताना आत निर्वात तयार होतो आणि तो व्हॉल्व्हमधून खोलीतली हवा ओढून घेतो. म्हणून बाटल्यांच्या झाकणांवर फॉइलची टोपी घाला, आणि दाब उतरत असताना व्हॉल्व्हवर अल्कोहोलने ओलं केलेलं फडकं ठेवा. आच बंद केल्यावर आणि आसपास ज्योत नसतानाच. बाटल्या पूर्ण थंड झाल्याशिवाय पेटीत नेऊ नका. गरम बाटलीवरून हवा वर चढते, बाजूची थंड हवा खाली येते, आणि आपण शांत केलेली पेटी ढवळली जाते. पेटीच्या छताला टेकवलेला गरम दिवाही हेच करतो. थंड राहणारा एलईडी बाहेरून, थोडा दूर लावा.

कामाच्या दिवशी

१. तासभर आधी पंखा, एसी बंद, खिडक्या-दारं बंद. फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या. झाडू मारला तर खाली बसलेले बीजाणू पुन्हा हवेत जातात आणि तासाभरात सगळे खाली येत नाहीत.

२. धुतलेला, धागे न सुटणारा कपडा घाला. लोकरी स्वेटर नको. केस बांधा, तोंडाला मास्क लावा, हात कोपरापर्यंत साबणाने धुवा. अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा.

३. ७० टक्के अल्कोहोलने ओलं केलेल्या फडक्याने पेटी आतून पुसा, कालच्याच क्रमाने. फवारा फडक्यावर मारा, पेटीत नको. छतावर फवारलेले थेंब नंतर उघड्या बाटलीत टपकतात.

४. एकेक वस्तू बाहेरून पुसत आत ठेवा. बाटलीचं बूड लोक विसरतात, आणि ओट्यावर टेकलेलं असतं ते बूडच. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी न वापरलेल्या बाटल्या डावीकडे, कापायची जागा मध्ये, वापरलेली हत्यारं आणि कचरा उजवीकडे ठेवावा. मध्ये निर्जंतुक कागद किंवा काचेची प्लेट. एका बैठकीला लागेल तेवढंच सामान आत न्या. पेटी भरगच्च झाली की हात बाटल्यांवरून न्यावा लागतो.

५. हातमोज्यांची पेटीच्या आत असलेली बाजू पुसा, बोटांच्या बेचक्यांसह. पावडर लावलेले मोजे नकोत, पावडर कणकण उडते. अल्कोहोलला लेटेक्सपेक्षा नायट्राइल जास्त टिकतं.

६. पेटी बंद करून अर्धा तास हात लावू नका. टेबलही हलवू नका.

७. काम सुरू करताना मोज्यांची बोटं आत ठेवलेल्या ओल्या फडक्याने पुन्हा पुसा. अर्ध्या तासात खाली बसलेलं सगळं आता तळावर आणि मोज्यांवर आहे.

हालचाली संथ हव्यात, पाण्याखाली हात चालवावा तशा. बाटली ४५ अंशांत तिरकी धरून उघडा, म्हणजे वरून पडणारा कण सरळ तोंडात जात नाही. झाकण तोंड खाली करून हातातच धरा. उघड्या बाटलीवरून हात किंवा चिमटा न्यायचा नाही. झाकण उघडं राहण्याचा वेळ सेकंदांत मोजता यावा. मध्येच काही विसरल्याचं लक्षात आलं आणि पेटी उघडावी लागली तर अर्ध्या तासाचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून.

पेटीत ज्योत नको

स्पिरिटचा दिवा पेटीत ठेवून चिमटा तापवण्याचा मोह होतो. हिशोब करून बघा. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ हवेत २ टक्के झाली की ती पेट घेऊ शकते. ६० लिटरच्या पेटीत २ टक्के म्हणजे १.२ लिटर वाफ, आणि एवढी वाफ व्हायला जेमतेम पावणेचार मिली शुद्ध अल्कोहोल पुरतं. ७० टक्के द्रावणाच्या भाषेत पाच-साडेपाच मिली. फवाऱ्याच्या बाटलीचा एक दाब साधारण १ मिली देतो, म्हणजे पाच-सहा दाब. त्यात ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचते, नेमकी जिथे दिवा ठेवलेला असतो तिथे. तुमचे दोन्ही हात त्या वेळी मनगटापलीकडे आत अडकलेले असतात, आणि अल्कोहोलची ज्योत उजेडात धड दिसतही नाही. शिवाय ज्योत हवा तापवून प्रवाह तयार करते, म्हणजे जिच्यासाठी पेटी केली ती स्थिर हवाच जाते.

ज्योतीशिवाय सोपा उपाय म्हणजे हत्यारं वाढवणं. दहा बाटल्या करायच्या असतील तर पाच-सहा चिमटे आणि तितकीच ब्लेडं वेगवेगळ्या पुड्यांत निर्जंतुक करून आत न्या, दोन बाटल्यांमागे एक जोडी वापरा, मग ती उजवीकडे टाकून द्या. उघड्या ग्लासात अल्कोहोल ठेवून त्यात चिमटा बुडवत राहणं हा नावडता पर्याय: बीजाणू मरत नाहीत आणि तो ग्लास पेटीत वाफ सोडत राहतो.

हवाबंद पेटीचा भाता

पेटी पूर्ण हवाबंद केली की प्रश्न मिटला असं वाटतं. होतं उलटंच. कोपरापर्यंतचा एक हात साधारण एक-दीड लिटर जागा घेतो. दोन्ही हात आत घातले की दोन-तीन लिटर हवा बाहेर ढकलली जाते, आणि बाहेर काढले की तेवढीच खोलीतली हवा मिळेल त्या फटीतून आत ओढली जाते. बारीक फटीतून आत येणारी ही हवा झोतासारखी येते आणि तळावर बसलेले कण उडवते.

म्हणून हवेला एक ठरलेली वाट द्या. मागच्या भिंतीत, वरच्या बाजूला आणि कामाच्या जागेपासून दूर, ७-८ सेंटिमीटरचं भोक पाडून त्यावर हेपा फिल्टरचा (अतिसूक्ष्म कण अडवणारा फिल्टर) तुकडा किंवा एन-९५ मास्कचं कापड चिकटवा. बाकीच्या फटी सिलिकॉनने बुजवा. फटी शोधायच्या तर हे भोक तात्पुरतं टेपने बंद करून सांध्यांवर बाहेरून साबणाचं पाणी लावा आणि मोजे झटकन आत दाबा. जिथे बुडबुडा येतो तिथे फट. मास्कच्या कापडाला अल्कोहोल लागू देऊ नका. त्याची गाळण्याची ताकद धाग्यांवरच्या विद्युतभारावर असते आणि अल्कोहोलने तो भार जातो. कापड दिसायला तसंच राहतं, फक्त गाळत नाही. पेटी पुसताना ते बाहेरून झाका किंवा नंतर नवं लावा.

काम सुरू असताना हात पुन्हा पुन्हा आत-बाहेर करू नका. नाक खाजलं तर खाजू द्या.

मोजे नसलेली, नुसत्या भोकांची पेटी वापरणारेही बरेच आहेत, आणि नवख्यासाठी ती वाईट नाही. भाता नाही, हाताला बारीक काम करता येतं. तिथे भोकांपासून निदान १५ सेंटिमीटर आत काम करायचं आणि हातात कोपरापर्यंतच्या स्वच्छ बाह्या घालायच्या, एवढं पाळा.

यूव्ही दिव्याबद्दल

जंतू मारणारा दिवा २५४ नॅनोमीटरचा यूव्ही-सी असतो. ३९५ नॅनोमीटरचा जांभळा एलईडी हे काम करत नाही. खरा यूव्ही-सी दिवाही फक्त जिथे सरळ पडतो तिथेच चालतो. बाटलीची सावली, घडीची मागची बाजू, धुळीखालचा थर सुटून जातो. प्लास्टिक त्याने पिवळं आणि ठिसूळ होतं. डोळ्यांना काही सेकंदांतही इजा होऊ शकते आणि ती काही तासांनंतर, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी जाणवायला लागते. १८५ नॅनोमीटरही सोडणारे दिवे ओझोन तयार करतात. नीट पुसलेल्या पेटीला याने थोडी भर पडते, न पुसलेल्या पेटीला काही फरक पडत नाही. नवख्याने यावर पैसे घालण्यापेक्षा आणखी चार चिमटे घ्यावेत.

पेटी खरंच साफ आहे का? चाचणी

पहिलं रोप आत नेण्याआधी ही चाचणी करा. ५० ग्रॅम बटाट्याचे तुकडे २५० मिली पाण्यात उकळून गाळा, पाणी पुन्हा २५० मिली करा, त्यात ५ ग्रॅम साखर आणि ४ ग्रॅम अगार विरघळवा. कुकरमध्ये निर्जंतुक करा आणि पेटीत, निर्जंतुक केलेल्या सहा लहान बाटल्यांत किंवा प्लेटमध्ये ओता. पुढे त्यांच्या तीन जोड्या करा. ‘क’ जोडी कधीच उघडायची नाही. ‘ख’ जोडी पेटीत अर्धा तास थांबल्यावर २० मिनिटं उघडी ठेवायची. ‘ग’ जोडी बाहेर खोलीत २० मिनिटं उघडी. सगळ्या बंद करून २५ ते २८ अंशांत, अंधारात सात दिवस ठेवा. जीवाणूंचे ओलसर, चकचकीत ठिपके एक-तीन दिवसांत दिसतात, बुरशीची लव तिसऱ्या दिवसानंतर.

‘क’ खराब झाली तर कुकर किंवा ओतण्याचं काम चुकलं, पेटीबद्दल अजून काहीच कळलेलं नाही. ‘ग’ वर ठिपके आलेच पाहिजेत. नाही आले तर माध्यमच काम करत नाही. ‘क’ साफ, ‘ग’ घाण आणि ‘ख’ वर शून्य किंवा एखादा ठिपका असेल तर पेटी कामाला तयार. ‘ख’ वर चार-पाच ठिपके असतील तर थांबण्याची वेळ वाढवा, फटी तपासा, ब्लीच पुन्हा करा.

बाटली काय सांगते

काम सुरू झाल्यावर खराब झालेली प्रत्येक बाटली फेकण्यापूर्वी झाकण न उघडता उजेडात धरून बघा. ठिपका कुठे आणि कधी आला यावरून कारण बऱ्यापैकी कळतं.

रोपाच्या तुकड्याभोवती, बुडाशी दुधाळ वलय आलं असेल तर जंतू तुकड्यावर किंवा तुकड्याच्या आत होते. पेटी कितीही पुसून हे थांबणार नाही. तुकडा धुण्याची पद्धत सुधारा: वाहत्या पाण्याखाली अर्धा तास, ७० टक्के अल्कोहोलमध्ये ३० सेकंद, मग भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या ०.५ ते १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये १० ते १५ मिनिटं आणि निर्जंतुक पाण्याने तीन वेळा धुणं. कोवळ्या तुकड्याला कमी वेळ, जून खोडाला जास्त.

ठिपके तुकड्यापासून दूर, माध्यमावर कुठेही विखुरलेले आणि बहुतेक बुरशीचे असतील तर ते हवेतून पडले. तुम्ही लवकर सुरुवात केली, घाई केली किंवा बाटली सरळ उभी उघडी ठेवली. जिथे चिमटा टेकला तिथेच खुणा असतील, किंवा पहिल्या दोन बाटल्या साफ आणि पुढच्या सगळ्या खराब असतील, तर दोष हत्यारात आहे. वाढ काचेच्या कडेने, झाकणाखालून सुरू झाली आणि तीही दोन-तीन आठवड्यांनी, तर ती पेटीतली चूक नाही. झाकण सैल होतं किंवा साठवणीच्या खोलीत हवा आत-बाहेर झाली. झाकणाभोवती पारदर्शक फिल्मचे दोन वेढे द्या. माध्यमावर नागमोडी रेषेत बुरशी उगवली असेल आणि शेजारशेजारच्या बाटल्या ओळीने खराब होत जात असतील तर माइट्स (डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळीवर्गीय जीव) शिरलेत, बीजाणू त्यांच्या पायांवरून पसरतात. ती फळीच रिकामी करून पुसा आणि त्या बाटल्यांना हात लावल्यावर त्या दिवशी पेटीकडे जाऊ नका.

खराब बाटली पेटीत किंवा पेटीच्या खोलीत उघडायची नाही. बंदच कुकरमध्ये ठेवा, तिथे झाकण पाव आटा सैल करा म्हणजे ती फुटणार नाही, आणि १५ पीएसआयवर ३० मिनिटं शिजवा. त्यानंतरच आतलं टाकून बाटली धुवा.